पहिल्या थंडीत हो म्हणू नको

गांधीनगरातनं आणलेलं ते जॅकेट इथंच ठेवून जा. दिसायला जाड आहे, पण आत नुसता स्पंज भरलाय. क्राकूवच्या डिसेंबरात दोन दिवसांत रडायला लागेल ते, आणि तूही. थंडीचा कोट थंडीच्या देशातच घ्यायचा. बूटही तिथलेच, आणि रंग बघायच्या आधी तळ बघायचा. बर्फावर घसरून मनगट मोडलेल्या पोरी मी वॉर्डात इतक्या बघितल्या की मोजायचं सोडून दिलं. इथनं न्यायचं ते अंगालगतचं ने, सुती आणि भरपूर. पेढे नेऊ नकोस. युरोपात बाहेरनं दुधाचं आणि मटणाचं काही आत घेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील आणि तुझ्यादेखत टोपलीत टाकतील. कांदा-लसूण चटणी मात्र ने. दोन पिशव्यांत घालून, वर डब्यात, डबा पुन्हा पिशवीत. तेल सुटतंच.

जॅकेटावरनं आठवलं. तू ज्या गांधीनगरात लग्नाच्या साड्या, टॉवेल, चादरी घ्यायला जातेस, तिथं फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि मग कापडाची पेठ उभी राहिली, एवढं तुला ठाऊक आहे. त्याच्या आधी तिथं वळिवड्याची पोलिश छावणी होती. 1943 ते 1948. जवळजवळ 5000 माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि पोरं. आत्ता तू ज्या देशात चाललीयस, तिथल्या बायका-पोरी ऐंशी वर्षांमागं आपल्या पंचगंगेकाठी येऊन राहिल्या होत्या. मी तुला जे काय सांगणार आहे त्यातलं निम्मं त्यांच्यातल्या एकीनं मला सांगितलेलं आहे. तेही कोल्हापुरात नाही, विलायतेत. त्यामुळं हे मावशीआजीचं शहाणपण आहे असं समजू नकोस. ते तुझ्याच वाटेनं उलटं चालत आलेलं आहे.

मी 1966 च्या सप्टेंबरात गेले. वय वीस. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात दोन वर्षं काढलेली, आणि इंग्लंडात नर्सा पाहिजेत म्हणून सगळीकडं बोलबाला. परकीय चलन मिळायचं 3 पौंड. त्याच जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालेलं, पौंड 13 रुपयांवरनं 21 वर गेलेला, म्हणजे पाकिटात 63 रुपये घेऊन मी ब्रॅडफर्डला उतरले. खोलीत गॅसचा हीटर, त्याला मीटर, मीटरात शिलिंगचं नाणं घालायचं तेव्हा ऊब. नाणं संपलं की ज्योत फुस्स करून जायची. रात्री दोनला ती फुस्स ऐकली की मी पांघरुणातनं हात बाहेर न काढता हिशेब करायची, की उद्या दुपारच्या जेवणाला किती उरतात. तुझ्या खोलीत मीटरात नाणी घालावी लागणार नाहीत. पण भाडं ठरवताना ऊब भाड्यात आहे की वेगळी, हे पहिलं विचार. आणि राहायला जाशील त्या दिवशी, बॅग उघडायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा, सिंकचा, गादीचा फोटो काढ आणि घरमालकाला पाठवून दे. अनामत रकमेला तिकडं ‘काउत्सिया’ म्हणतात. सोडून जाताना ती परत मिळवायची तर पहिल्या दिवसाचे फोटोच कामाला येतात.

आता कागद. इथं मी थोडी लांबण लावणार आहे, ऐकून घे.

मला जो कागद सहीला दिला होता त्यावर ‘प्युपिल नर्स’ लिहिलेलं होतं. मला वाटलं प्युपिल म्हणजे विद्यार्थी आणि स्टुडंट म्हणजेही विद्यार्थी, काय फरक पडतो? फरक असा पडला की स्टुडंट नर्स तीन वर्षांनी रजिस्टर्ड नर्स व्हायची आणि प्युपिल नर्स दोन वर्षांनी एनरोल्ड नर्स. एनरोल्डला सिस्टर होता येत नाही, बढती नाही, आणि ते सर्टिफिकेट घेऊन परत आलं तर आपल्याकडं किंमत शून्य. आमच्या बॅचला बाहेरनं आलेल्या आम्ही नऊ जणी होतो, भारत, आयर्लंड, वेस्ट इंडीज. आठ जणी प्युपिल निघालो. इस्पितळाचं नाव घेत नाही. हे त्या काळी गावोगाव चाललेलं होतं. मला कळलं तेव्हा वर्ष उलटलं होतं. नंतर पुन्हा दोन वर्षं घालून मी रजिस्टर्ड झाले. म्हणजे एका शब्दाची किंमत मी वर्षांत मोजली.

म्हणून सही करायच्या आधी तीन गोष्टी विचार. हे काम सोडलं तर परवान्याचं काय होतं? तिथला कामाचा परवाना बहुतेक वेळा एकाच मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. हुद्द्याचं नाव जे लिहिलंय, त्याच्या वरचा हुद्दा कोणता आणि तिथं जाता येतं का? आणि कागद ज्या भाषेत आहे ती तुला येत नसेल तर शपथेवर भाषांतर करून देणारा माणूस मिळतो, त्याचे पैसे दे. मैत्रिणीकडनं ‘वाचून दाखव गं’ नको. मैत्रीण मधलं ओळखीचं तेवढं वाचते. पोचल्यावर तुझा पेसेल नंबर, म्हणजे तिथला ओळख क्रमांक, येईल, अकरा आकडी. तो पाठ कर, आपला फोन नंबर पाठ असतो तसा. राहण्याचं कार्ड आलं की दोन्ही बाजूंचा फोटो तुझ्या आईकडं, एक माझ्याकडं. मूळ कार्ड, मूळ पासपोर्ट कुणाच्याही कपाटात ठेवायला द्यायचा नाही. मालकाच्या नाही, नवऱ्याच्या नाही, होणाऱ्या नवऱ्याच्या तर मुळीच नाही.

हे मला पानीबाईनं शिकवलं. आता तिची गोष्ट.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. तिकडं चारच्या सुमारास अंधार पडायला लागतो, त्यामुळं संध्याकाळ म्हणजे रात्रच. वॉर्डात फरशी पुसायला एक उंच, हाडापेरानं रुंद बाई यायची. चाळिशीच्या आतबाहेर. कुणाशी बोलायची नाही. त्या दिवशी तिनं मला विचारलं, कुठली तू? म्हटलं इंडिया. इंडियात कुठली? म्हटलं मुंबईजवळ. कोल्हापूर कुणाला ठाऊक असणार, म्हणून मी सगळ्यांना तसंच सांगायची. ती म्हणाली, मुंबई मला माहीत आहे, मुंबईजवळ कुठं? मी म्हटलं, कोल्हापूर. तिनं मॉप बादलीत उभा केला. हात एप्रनला पुसले. आणि एकेक बोट दुमडत म्हणायला लागली, ‘पाणी. भाजी. किती. म्हाग. नको. नको. नको.’ तिसरा ‘नको’ तिनं असा काही हात झटकून म्हटला की मला लक्ष्मीपुरीतली आमची भाजीवाली दिसली. मग तिनं बादली उचलली आणि दारातनं वळून म्हणाली, ‘येतो.’

येते नाही, येतो.

तू पुण्यात शिकलीस, तिथं तुला हसले असतील. आपल्या कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी जातो, मी जेवलो’ म्हणतात. मिरजेच्या आमच्या बाईंनी छडीच्या धाकानं माझं लिहिणं सुधारलं, म्हणून कागदावर मी ‘आले-गेले’ करते. तोंडात मात्र अजून गावच आहे. त्या पोलिश बाईच्या तोंडात पुस्तकाचं मराठी असतं तर मी कौतुक केलं असतं आणि कामाला लागले असते. ती ‘येतो’ म्हणाली आणि मी बेडपॅनच्या खोलीत जाऊन दार लावून रडले.

पोलिश भाषेत बाईला मानानं ‘पानी’ म्हणतात, बाप्याला ‘पान’. मी तिला पानीबाई म्हणायला लागले. म्हणजे बाईबाई. तिला ते लई आवडायचं.

पानीबाईचं घर पूर्व पोलंडात होतं. 10 फेब्रुवारी 1940 च्या रात्री रशियन सैनिकांनी तिथल्या हजारो कुटुंबांना अंथरुणातनं उठवून मालगाड्यांत घातलं आणि सैबेरियाकडं नेलं. ही बारा वर्षांची होती. बाप तिथंच गेला. 1941 मध्ये हिटलरनं रशियावर चाल केल्यावर स्टालिननं पोलिश कैदी सोडले. मग पायी, गाडीनं, जमेल तसं दक्षिणेला. 1942 मध्ये बोटीनं कास्पियन समुद्र ओलांडून इराण. तिथनं कराची, आणि कराचीहून वळिवडे. आईनं सुटकेचा कागद परकराच्या काठात शिवलेला होता. वाटेत दागिना गेला, घड्याळ गेलं, धाकटा भाऊ तापानं गेला. कागद राहिला. तो होता म्हणून प्रत्येक ठिकाणी यादीत नाव लागलं. पानीबाई ब्रॅडफर्डमध्येही कागद कपाटात ठेवायची नाही. पोटाशी पट्ट्यात. मी हसले तर म्हणाली, ‘तुला कुणी रात्री उठवलेलं नाही अजून.’

वळिवड्याचं मात्र ती हसून सांगायची. कौलारू बरॅकी, चटयांच्या भिंती, पावसाळ्यात सगळ्याला बुरशी. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर, सगळं त्यांचं त्यांचं. दारापुढं प्रत्येकीची फुलं. आणि दारावर येणारे कोल्हापूरचे विक्रेते. मराठी ती त्यांच्याकडनं शिकली. शाळेत त्यांना इंग्रजी शिकवायचे, पण ती म्हणायची, जी भाषा बोलून दोन पैसे वाचतात ती लवकर येते.

हे तू करायचं आहेस. मोबाईलवरनं भाषा शिकू नकोस असं मी म्हणत नाही, शिक. पण रोज एकाच भाजीवाल्याकडं, एकाच बेकरीत जा. तीच बाई, तीच वेळ. ‘जेन दोब्री’ म्हण, चूक म्हण, तिला सुधारू दे. तुझ्या ऑफिसात सगळे इंग्रजी बोलणारे असतील आणि फार गोड वागतील. त्या गोडव्यात दोन वर्षं जातील आणि तुला पावही मागता येणार नाही. पहिला शब्द मात्र ‘धन्यवाद’ नको. पहिला शब्द ‘न्ये’. म्हणजे नाही. तो मोठ्यानं म्हणायची सवय घरात आरशापुढं कर. आपल्या पोरींना ‘नको’ म्हणताना हसायची खोड असते. हसून म्हटलेलं ‘न्ये’ तिकडं कुणाला कळत नाही. खरं तर इकडंही कळत नाही.

बरं, त्यांच्याकडंही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, आणि भूतकाळात बाई वेगळं बोलते, बाप्या वेगळं. तिथं कोल्हापुरी करू नकोस. पानीबाई म्हणायची, तुमच्या बायका आमच्याकडं आल्या तर सगळ्या पोलंडला वाटेल मिशा काढून आल्यात.

या तू-तुम्हीवरनंच पुढचं. तिकडं ‘पान-पानी’ सोडून ‘ति’वर, म्हणजे ‘तू’वर यायचं असेल तर ते कुणी सुचवायचं याची रीत आहे. वयानं मोठा असेल त्यानं, आणि बाई-बाप्या असतील तर बाईनं. तरुण मुलं आता पहिल्या दिवशीच ‘ति’ करतात, ते चालायचंच. पण जिथं रीत पाळतात, तिथं तुझा हक्क ध्यानात ठेव. एखादा माणूस तुला न विचारता जवळची भाषा बोलायला लागला, तर तो इतर बाबतींतही विचारेल का, हा प्रश्न मनात येऊ दे.

आता ज्यासाठी तू मघापासनं मान हलवत बसलीयस ते.

माझी पहिली थंडी. वरच्या मजल्यावर गिरगावातला एक मुलगा राहायचा, कापडाच्या तंत्राचं शिकायला आलेला. सभ्य, वाचलेला, मला ‘अहो-जाहो’ करणारा. त्याच्या खोलीत रॉकेलचा हीटर होता, मीटर नाही, नाणी नाहीत. शनिवारी तो आमटी-भात करायचा. कोकम कुठनं मिळवायचा देव जाणे. मी नाईट संपवून पाय गोठलेले घेऊन जायची, तो ताट वाढायचा, मराठीत बोलायचा. जानेवारीत त्यानं विचारलं. मला तर वाटलं, देवानंच पाठवलाय.

पानीबाईला सांगितलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, ‘खोली गरम आहे?’ म्हटलं हो. ‘जेवण?’ हो. ‘तुमची भाषा?’ हो. मग म्हणाली, ‘पहिल्या थंडीत कुणाला हो म्हणू नको. नाहीही म्हणू नको. एप्रिलपर्यंत थांब, मग बघ.’

मला राग आला. तिचा नवरा दारूडा होता, एकदा डोळा सुजवून आलेली मी बघितली होती. वाटलं, हिचं बिनसलं म्हणून ही सगळ्यांचं बिनसवायला निघाली. पण घरी विचारल्याशिवाय काही करायची मलाही भीती होती, म्हणून त्याला म्हटलं, उन्हाळ्यात सांगते. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलात दिवस मोठा झाला, झाडाला पालवी आली, आणि एक दिवस ध्यानात आलं की मी तीन आठवडे वर गेलेच नाही. आणि चुकल्यासारखं वाटलं ते हीटरचं. त्याचं नाही. बिचारा वाईट नव्हता गं. पुढं डोंबिवलीला परतला, संसार केला. पण मी त्या जानेवारीत हो म्हटलं असतं तर मी हीटरशी लग्न केलं असतं.

मग पानीबाईनं तिचं सांगितलं. वळिवड्याला असताना कोल्हापुरातला एक मुलगा सायकलवर यायचा, कॉलेजात शिकणारा. रंकाळ्यावर दोनदा गेले होते, मध्ये तिची बहीण चालायची. 1947 ला छावणी आवरायला लागली, माणसं विलायतेला, ऑस्ट्रेलियाला, काही पोलंडला परत. यांचं नाव विलायतेच्या यादीत. तो म्हणाला, राहा. घरी सांगतो, लग्न करू. हिनं आठ दिवस विचार केला आणि बोटीत बसली. मी म्हटलं, आईनं अडवलं? म्हणाली, ‘आई म्हणाली तुझं तू बघ. मीच बघितलं. सात वर्षं गाड्या, बोटी, तंबू. मला कुठंतरी थांबायचं होतं. तो नसता, झाड असतं, तरी मी त्याला धरून थांबले असते. अशानं त्या पोराचं वाटोळं झालं असतं.’ मग वाटोळं कुणाचं झालं, हे मी विचारलं नाही. विलायतेत तिनं पहिल्याच वर्षी त्या दारूड्याशी लग्न केलं होतं. पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांची छावणी, पहिलीच थंडी. मला सांगितलेला मंत्र तिला आधी कुणी सांगितला नव्हता.

यातनं ‘परक्याशी लग्न करू नको’ असा अर्थ काढू नकोस. त्याच वळिवड्याच्या पोरींतली एक इथं राहिली, कोल्हापूरच्या माणसाशी लग्न केलं, मराठी नाव घेतलं आणि जन्म इथंच काढला. तिच्या राहण्याला काय कारण होतं ते ती जाणे. मी एवढंच म्हणते, माणूस बघताना त्याच्या मागचा हीटर आधी बंद करून बघ.

कसं बघायचं ते सांगते. भुकेला असताना बघ. रांगेत बघ. त्याच्या आईशी त्याच्या भाषेत फोनवर बोलताना बघ. शब्द कळले नाहीत तरी आवाज कळतो. हॉटेलात वाढणाऱ्या पोरावर चिडला तर कसा चिडतो ते बघ. तू चार दिवस तापानं पडलीस तर फुलं आणतो की औषध? औषध आणणारा ठेव. फुलं आणि औषध दोन्ही आणली तर मला फोन कर.

तुझे आजोबा मला कपडे धुवायच्या दुकानात भेटले. 1968. रविवारी सकाळी सगळे परदेशी तिथं जमायचे, मशिनपुढं बसून पत्रं लिहायचे. ते इचलकरंजीचे, मागाच्या खडखडाटात वाढलेले, ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी. त्यांना ओली चादर घडी करायची होती. चादरीला दोन माणसं लागतात, म्हणून त्यांनी इंग्रजीत म्हटलं, प्लीज होल्ड. मी दोन कोपरे धरले. नर्सचा हात, काठाला काठ. त्यांनी बघितलं, मी घडी उलटी फिरवली, त्यांच्या बोटातनं कोपरा सुटला आणि तोंडातनं ‘आयला’ आलं. मग दोघंही गप्प. मग मी म्हटलं, सुटणारच, धरलाच नव्हता नीट. दोन वर्षं आम्ही रविवारी चादरी घडी केल्या. त्यांच्या चादरी फार लवकर मळायला लागल्या, हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

सगळं गोड नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलात इनॉक पॉवेल नावाच्या खासदारानं बर्मिंगहॅममध्ये ते भाषण केलं, बाहेरनं आलेल्यांच्या विरोधातलं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातनं इंजेक्शन घ्यायला एका म्हातारीनं नकार दिला. ‘काळा हात लावू नको.’ वर्षभर मी तिची जखम धुतली होती. पानीबाईनं तेव्हा सांगितलं ते लिहून घे. तोंडावर बोललं तर दोन प्रकार करायचे. घाबरलेली म्हातारी असेल तर सोडून द्यायचं आणि पुढच्या बेडकडं जायचं. पण ज्याच्या हातात तुझी रजा, तुझा पगार, तुझी खोली आहे तो बोलला तर वहीत तारीख, वेळ, शब्द, आणि तिथं आणखी कोण होतं ते, त्याच दिवशी. त्याच वर्षी कायदा आला, रंगावरनं नोकरी किंवा खोली नाकारायची नाही म्हणून. माझ्या वहीतली दोन पानं पुढं मेट्रनच्या टेबलावर गेली आणि सिस्टरचं बोलणं सुधारलं. मन सुधारलं का? मला त्याच्याशी काय करायचंय. आणि रस्त्यावर कुणी अंगावर आलं तर उत्तर द्यायला थांबायचं नाही. दुकानात शिरायचं, 112 लावायचा.

घरच्यांचं. आमची जात वेगळी. माझ्या वडिलांनी दोन वर्षं पत्र टाकलं नाही. 1970 ला रजिस्ट्रार ऑफिसात लग्न झालं, दोन साक्षीदार लागतात, एक त्यांचा गिरणीतला मित्र आणि दुसरी पानीबाई. सही करताना तिनं पट्ट्यातनं स्वतःचा कागद काढून आधी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासलं. आईनं मात्र गुपचूप चटणीचं पार्सल धाडलं, बोटीनं, अडीच महिन्यांनी पोचलं. पानीबाई काळ्या पावावर लोणी आणि त्यावर ती चटणी लावून खायची. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, आणि ‘नको’ म्हणून पुन्हा हात पुढं.

पैशाचं थोडक्यात. तुझ्या नावाचं खातं, एकटीच्या नावाचं. घरी दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठव, उरेल ती नाही, कारण उरेल ती म्हटलं की तू जेवण कापतेस. पगाराचा आकडा घरी सांगितलास तर भाड्याचा आणि कराचाही सांग. आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे बाजूला, कशालाही हात लावायचा नाही. आजारपणाला नाही, सेलला नाही, प्रेमाला तर नाहीच. मी ते तेवीस वर्षं ठेवले आणि 1989 ला आम्ही आलो तेव्हा त्यातनंच तिकिटं काढली.

मंडळात जा, गणपतीला जा, आरती म्हण, मोदक खा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं आहे, आपली माणसं जाईल तिथं मंडळ काढतातच. फक्त लग्नाचा सल्ला मंडळात मागू नकोस. तिथं प्रत्येकीचा एक भाचा असतो.

उन्हाचं राहिलं. पोचल्यावर रक्त तपासून घे आणि डॉक्टर सांगेल तेवढं ड जीवनसत्त्व घे, तेवढंच. दुपारी जेवायच्या सुट्टीत पंधरा मिनिटं बाहेर चाल, ढग असले तरी. पहिल्या हिवाळ्यात कारण नसताना रडू येतं. त्याला नाव शोधत बसू नकोस, चाल. तीन आठवडे झोप लागली नाही, जेवण उतरलं नाही, तर मात्र डॉक्टर. आईला फोन केलास तर ती रडेल आणि मग दोघींना डॉक्टर लागेल.

परवा महावीर गार्डनमध्ये आपण तो पोलिश लोकांचा स्तंभ बघितला, तू फोटो काढलास. वॉर्सात तसंच वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले होते, तेव्हा टीव्हीवर बघितलं मी. कधी वॉर्साला गेलीस तर जाऊन ये. पानीबाई गेली ब्रॅडफर्डलाच, तिथल्या पोलिश दफनभूमीत आहे. तिचं नाव तुला सांगणार नाही, तिनंच सांगितलं होतं की कागदाबाहेर आपलं नाव कुठं लिहायचं नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेसला स्टेशनवर मी येणार नाही, गुडघा ऐकत नाही. गाडी सुटली की थोड्या वेळात वळिवडे स्टेशन लागतं, अंधारात पाटी दिसली तर बघ. आणि दारातनं निघताना मघाशी मैत्रिणीला ‘चल, जाते’ म्हणालीस ते ऐकलं मी. ते पुण्यात. माझ्या उंबऱ्यावर ‘येतो’ म्हणायचं.